खानदेशात सोनटक्का फुलतो का हो कुणाकडे?

गिरणाकाठची | १२ मे, रात्री १०:४०

माझं माहेर दापोलीकडचं, सासर जळगाव. अकरा वर्षांत कळण्याची भाकरी थापायला शिकले, भरताच्या वांग्याची पारख शिकले, मे महिन्यात अकरा ते पाच घराबाहेर पाय न टाकायला शिकले. हट्ट एकच उरलाय, सोनटक्का.

माहेरी विहिरीच्या डोणीपाशी त्याचं रान माजलेलं असायचं. कुणी मुद्दाम लावल्याचं आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी आईने वर्तमानपत्रात गुंडाळून एक कंद दिला. घराच्या उत्तरेला बोळ आहे, तिथे खिडकीतल्या कूलरखाली लावला, कारण कूलर ठिबकून तेवढीच जमीन कायम ओली असते. पहिल्या पावसाळ्यात कमरेएवढा झाला, मी खूश. मार्चपासून पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. मी पाणी वाढवलं. कडा आणखी करपल्या. आता पान मुठीत धरलं की भाजलेल्या पापडासारखा चुरा होतो. मधून एखादं कोवळं पान येतं, ते पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. फूल आजवर एकही नाही.

सासूबाई म्हणतात, "आपल्या मातीला नाही मानवत ते. कर्दळ लाव, गप बस."

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही कुणाकडे सोनटक्का खरंच फुललाय का? की सोडून देऊ?

खापरावरचे_मांडे | १२ मे, रात्री १०:५५

आमच्या अमळनेरच्या घरी आहे की! चांगला दुमजली उंच झालाय. पाणी घालावं लागत नाही, पिवळीधमक फुलं येतात, वास तर विचारू नका.

वनस्पतीवेडी | १२ मे, रात्री ११:१०

@मांडे, तो सोनचाफा. झाड. सोनटक्का आल्या-हळदीच्या कुळातला, जमिनीत कंद, वर दांडे, पांढरं फुलपाखरासारखं फूल.

खापरावरचे_मांडे | १२ मे, रात्री ११:१२

हायला. चाळीस वर्षं सोनटक्का म्हणतोय त्याला. पण मला एक सांगा, पिवळा तो चाफा आणि पांढरा तो 'सोन'टक्का, हे नाव कुणी ठेवलं?

केमिकल_लोचा | १२ मे, रात्री ११:२०

सोनार असणार. नाव सोन्याचं, माल चांदीचा.
(सोनारांनी हलके घ्या.)

साक्रीचा_दिनू | १३ मे, सकाळी ७:०५

ओ ताई, आठे मानसेसले पेवाले पानी नही, अन् तुम्ही सोनटक्काले आंघोय घाली राह्यनात!

गिरणाकाठची | १३ मे, सकाळी ७:३०

दिनूभाऊ, आंघोळ नाही हो, कूलरचं वाया जाणारं पाणी आहे ते.

तापीचा_गाळ | १३ मे, सकाळी ९:१५

दिनूने हसत म्हटलंय, मी न हसता म्हणतो. ४५ अंशाच्या गावात पाणथळ जागेतली झाडं लावायची हौस कशाला? आमच्याकडे नळाला चार दिवसाआड पाणी येतं. कोकणात राहून निवडुंग लावत नाहीत ना? मग इथे बोगनवेल लावा, जास्वंद लावा, मोगरा लावा. मोगऱ्याला काय कमी वास आहे? उन्हाळ्यातच फुलतो बिचारा. माहेरची आठवण समजू शकतो, पण झाडाचे हाल का करायचे?

रावेरचा_केळीवाला | १३ मे, सकाळी ९:४०

गाळसाहेब, मग आधी आमची केळीच उपटावी लागेल. तीही मूळची पाणीपिऊच. याच उन्हात वाढते आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. उष्णता हा प्रश्न नाही. उष्ण वारा हा प्रश्न आहे. आम्ही बागेच्या कडेने शेवरी लावतो ती काय शोभेला? वारा अडवला की पानं फाटत नाहीत, ओल टिकते. ताई, तुमच्या बोळातून पश्चिमेचा वारा वाहतो का, ते बघा.

आणि एक फुकटचा माल सांगतो. घड कापल्यावर केळीचं खोड उरतं, ते हातभर तुकडे करून, उभे चिरून, चिरलेली बाजू जमिनीकडे ठेवून कंदाभोवती पसरा. ते निम्म्याहून जास्त पाणीच असतं, हळूहळू सोडत राहतं. खाली हात घालून बघा, भर मे महिन्यात गार लागतं. कुजलं की पालाश मिळतं ते वेगळंच.

पेन्शनर_भुसावळ | १३ मे, सकाळी ११:०२

आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी तीस वर्षं बाग केली. सोनटक्का दोनदा लावला, दोनदा गेला. कर्दळ मात्र काही केलं तरी मरत नाही. लाल, पिवळी, ठिपक्यांची. तिलाही ओल आवडते, पण ती रुसत नाही. सूनबाईंनी सासूबाईंचं ऐकावं असं माझं मत.

अवांतर: आमची सौ. अळू लावायची मोरीच्या पाण्यावर. पानं सुपाएवढी. ती गेल्यापासून अळूवडी विकतचीच.

शेगावची_सून | १३ मे, सकाळी ११:३०

काका, आमच्याकडे विदर्भात त्याला धोपा म्हणतात. वड्यांना काळ्या देठाचाच घ्यायचा, पांढऱ्या देठाचा भाजीला.

खापरावरचे_मांडे | १३ मे, सकाळी ११:४५

अळू खाजतो त्याचं काय करावं? मागच्या वेळी पाहुण्यांसमोर फजिती झाली. सगळे बोलायचे थांबले, मला वाटलं वड्या आवडल्या.

केमिकल_लोचा | १३ मे, दुपारी १२:२०

:)) मांडे, पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. चिंच घाला आणि पुरेसं शिजवा.

आता मूळ प्रश्नावर. मी धुळ्याला रसायनशास्त्र शिकवतो, बागेतलं मला फार कळत नाही, पण धाग्यात एक गोष्ट वाचून कान टवकारले. कूलरखाली लावलाय. ताई, कूलरमध्ये पाणी बोअरचं घालता का? आणि कूलरच्या गवतावर पांढरा थर धरतो का?

गिरणाकाठची | १३ मे, दुपारी १:१०

बोअरचंच. पांढरा थर म्हणजे काय, मीठ सांडल्यासारखा. दर वर्षी गवत बदलावं लागतं. खाली जिथे ठिबकतं तिथे मातीवरही पांढरट पापुद्रा येतो. मी तो चुना समजत होते.

केमिकल_लोचा | १३ मे, दुपारी १:३५

मग चोर सापडला. कूलरमधून हवेत उडतं ते निव्वळ पाणी. क्षार उडत नाहीत, टाकीतच राहतात. समजा तुमच्या टाकीत ५० लिटर पाणी मावतं आणि दिवसाला तेवढंच उडतं, म्हणून तुम्ही रोज नवं ५० लिटर भरता. चौथ्या दिवसाअखेर टाकीतल्या पाण्यात बोअरच्या चौपट-पाचपट क्षार साठलेले असतात. बोअर आधीच खारट. ते झाडाच्या मुळाशी ठिबकतं, तिथूनही वर पाणी उडतं, क्षार पुन्हा मागे. तुम्ही दोन वर्षं त्या झाडाला हळूहळू मिठाचं पाणी पाजलंत.

कडा आधी का करपतात? पान बारीक छिद्रांवाटे पाणी सोडतं, क्षार पानात साठत जातात, आणि सगळ्यात शेवटचं टोक म्हणजे कडा. पाणी वाढवलं तसं करपणं वाढलं, कारण पाण्याबरोबर मीठही वाढलं.

तापीचा_गाळ | १३ मे, दुपारी २:००

हे पटलं. माझा कढीपत्ता असाच गेला. मी आरओचं टाकाऊ पाणी घालायचो, पाणी वाचवतो म्हणून छाती काढून.

केमिकल_लोचा | १३ मे, दुपारी २:०५

आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे गाळलेले सगळे क्षार एका बादलीत. फरशी पुसा त्याने.

मुक्ताईनगरची_माई | १३ मे, दुपारी ४:२०

एसीचं पाणी चालेल का मग? आमच्या शेजाऱ्यांचा एसी आमच्याच ओट्यावर गळतो, त्यावरून दोन वर्षं अबोला आहे.

केमिकल_लोचा | १३ मे, दुपारी ४:४०

चालेल, उत्तम. ती हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, क्षार जवळजवळ नाहीतच. पण गंमत अशी की आपल्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसी जेमतेम थेंब टाकतो. झाडाला गरज असते तेव्हा पाणी नाही, आणि जूनमध्ये बाहेर पाऊस पडत असताना बादली भरून वाहते. बोला आता शेजाऱ्यांशी.

मुक्ताईनगरची_माई | १३ मे, दुपारी ४:४४

नको, अबोलाच बरा आहे.

वनस्पतीवेडी | १३ मे, रात्री ९:३०

लोचासरांना दंडवत. दुसऱ्या लक्षणाचं मी सांगते. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. चुनखडी जास्त असली की ते मुळांना घेता येत नाही. वर तुमचं बोअरचं पाणी. कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. तातडीचा उपाय म्हणून हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आधी एकाच पानावर करून दोन दिवस बघा.

आणि एक, गैरसमज नको. सोनटक्का मूळचा कोकणातला नव्हेच. पूर्व हिमालय आणि त्यापलीकडचा भाग हे त्याचं माहेर. तिथून जगभर गेला. क्युबाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर ओढ्याकाठी इतका माजलाय की तिथे तो उपटून काढावा लागतो. तेव्हा नाजूक वगैरे काही नाही. थंडीच्या देशात हिवाळ्यात वरचा भाग पूर्ण मरतो, कंद जमिनीत झोपून राहतो आणि ऊब आली की उठतो.

गिरणाकाठची | १३ मे, रात्री ९:५०

म्हणजे तोही सासरीच आलेला! आईला सांगते.

खापरावरचे_मांडे | १३ मे, रात्री १०:०५

यालाच गुलबकावली म्हणतात ना? आमचे आजोबा तिचा अर्क डोळ्यांत घालायला सांगायचे.

वनस्पतीवेडी | १३ मे, रात्री १०:१५

हो, अमरकंटकची गुलबकावली म्हणतात ती हीच. पण डोळ्यांत काय घालायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, धाग्यावर नको.

साक्रीचा_दिनू | १४ मे, सकाळी ६:५०

काल मी थट्टा केली, रात्रभर डोक्यातून जाईना. आमच्याकडे होता हा. वेडीताईंनी फुलपाखरासारखं म्हटलं तेव्हा आठवलं. नाव आम्हाला माहीत नव्हतं, आजी त्याला नुसतं 'धव्वं फूल', म्हणजे पांढरं फूल, म्हणायची.

आमची शेती पांझरेवरच्या फडात. बाहेरच्यांसाठी सांगतो, नदीवर जागोजागी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीने यायचं. आमच्या बांधाला पाटाची कड होती, तिथे आजीने ही फुलं लावलेली. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाट वाहता, तोवर हे हिरवंगार. होळीनंतर नदी आटायची, पाट कोरडा. मग ते पिवळं पडायचं, वाळायचं. आजी विळ्याने जमिनीलगत कापून टाकायची, वरून उसाचं पाचट लोटायची आणि विसरून जायची. एक थेंब पाणी घालत नसे. मी लहानपणी विचारलं होतं, "आजी, हाई मरी गये का?" तर म्हणे, "नही रे, जपेल शे." म्हणजे झोपलंय.

मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत पाचटातून हिरवी टोकं. दर वर्षी. फुलं यायची पोळ्याच्या पुढे-मागे.

तेव्हा ताई, तुम्ही त्याला झोपूच देत नाही असं वाटतं.

वनस्पतीवेडी | १४ मे, सकाळी ७:४०

दिनूभाऊ, धाग्याचा निकाल लावलात. हिमालयात तो थंडीला झोपतो, आजींनी त्याला उन्हाळ्याला झोपवलं. मे महिन्यात हिरवा ठेवायचा अट्टहास सोडला तर पाण्याचा प्रश्नही उरत नाही. एवढंच करा की माती अगदी भेगाळेपर्यंत कोरडी पडू देऊ नका. काळ्या मातीला भेग पडली की मुळं तुटतात आणि गरम हवा कंदापर्यंत जाते. आजींचं पाचट त्यासाठीच.

तापीचा_गाळ | १४ मे, सकाळी ८:१०

माझा आक्षेप मागे. कोरड्या पाटावर जगणाऱ्या झाडाला मी काय बोलणार.

रावेरचा_केळीवाला | १४ मे, सकाळी ८:३०

आता काम सांगतो, म्हणजे ताई जूनपर्यंत बसून राहणार नाहीत.

काटक्या कापून टाका. कूलरच्या तळाला नळी लावून ते पाणी मोरीत न्या. कंदाभोवतीची वरची चार बोटं माती, पांढऱ्या पापुद्र्यासकट, खरवडून फेकून द्या. त्या जागी शेणखत आणि नदीची वाळू मिसळलेली माती. खोडाचे तुकडे वर. नळाचं पाणी आठवड्याला एक बादली, बोअरचं नाही. पहिला जोराचा पाऊस पडला की छपराची पन्हळ दोन दिवस तिकडे वळवा. मातीत मुरलेलं मीठ धुऊन खाली जाईल. पावसाच्या पाण्यासारखं दुसरं औषध नाही.

पाऊस लागला की कंद वेगळे करा. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, आडवा, दोन-तीन बोटं खोल. जास्त खोल पुरू नका. कापल्यावर दोन दिवस सावलीत सुकू द्या, नाहीतर ताज्या कापाला चिखल लागून कुजतो.

पेन्शनर_भुसावळ | १४ मे, सकाळी १०:००

माझे दोन्ही कंद कुजूनच गेले होते. जून महिन्यात खोल खड्ड्यात पुरून वर रोज दोन बादल्या पाणी. पाण्यातलं झाड म्हणून. आता कळलं.

एरंडोलचा_डास | १४ मे, सकाळी १०:२५

सदस्यनामाला जागून विचारतो, ओलसर बोळ म्हणजे डास होणार ना?

केमिकल_लोचा | १४ मे, सकाळी १०:३१

ओल्या मातीत डासाची अंडी वाढत नाहीत, साचलेल्या पाण्यात वाढतात. त्या कूलरची टाकी आठवड्याला एकदा रिकामी करून कोरडी पुसलीत तर डासही जातील आणि मीठही. तुमच्या नातेवाइकांना आमचा निरोप कळवा.

गिरणाकाठची | २१ जून, रात्री ९:१५

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पाऊस उशिरा आला, पण परवा पन्हळ वळवली. कंद उकरला तर काय, एवढं होऊन आत टणक, मोडला तर आल्यासारखा वास. तीन तुकडे झाले. एक जुन्याच जागी, एक कुंडीत गच्चीवर, एक शेजारच्या काकूंना. काकूंनी तो आल्याचा समजून फोडणीला टाकू नये म्हणून वर चिठ्ठी लावलीय.

साक्रीचा_दिनू | २१ जून, रात्री ९:४०

पाचट टाकं का?

गिरणाकाठची | २१ जून, रात्री ९:४२

टाकं भाऊ. केळीचं.

खापरावरचे_मांडे | ३ ऑगस्ट, दुपारी १२:००

ताई, काय झालं पुढे? धागा वर काढतोय.

गिरणाकाठची | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

गच्चीवरच्या कुंडीतला माझ्या गुडघ्याएवढा, टोकं जरा करपलेली. गच्चीवर वारा फार. बोळातला छातीला लागतो, कडा स्वच्छ हिरव्या. काकूंचा माझ्याहून उंच, आणि त्या रोज विचारतात "काय घालतेस गं तू त्याला?" मी सांगितलं, काही नाही. त्यांना ते पटत नाहीये.

गिरणाकाठची | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

बोळातल्या दांड्याच्या टोकाला आठ-दहा दिवसांपूर्वी कणसासारखा हिरवा गठ्ठा आला होता, खवल्यांवर खवले. मी रोज टॉर्च घेऊन बघायला जायचे, हे हसायचे. आज संध्याकाळी कुकर लावत होते, पाऊस थांबलेला, उकाडा म्हणून सासूबाईंनी कूलर नुसता पंख्यावर सुरू केला, बिनपाण्याचा. पाच मिनिटांत सासूबाई आतून हाक मारतात, "अत्तर कुणी सांडलं गं?"

कूलर बाहेरची हवा आत ओढतो ना. फूल उमललं होतं त्याच्या बरोबर खाली. सगळी खोली भरून गेली. बाहेर जाऊन पाहिलं तर एकच फूल, पाकळ्या अजून पुरत्या सरळ झाल्या नव्हत्या, दांडीवर पावसाचा थेंब. शेजारी उद्याच्या दोन कळ्या.

आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, नीट दिसत नाही, कूलर बंद कर, आवाज फार येतोय. सासूबाई म्हणाल्या, बंद करू नकोस.

पेन्शनर_भुसावळ | १५ सप्टेंबर, सकाळी ६:३०

सूनबाई, एक तुकडा ठेवा माझ्यासाठी. मृगाच्या आधी येऊन नेतो. खोल पुरणार नाही.

साक्रीचा_दिनू | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

माले बी एक. फडना पाट आते शिमिटना व्हयी गया, पन बांध शे अजून.

खापरावरचे_मांडे | १५ सप्टेंबर, सकाळी ९:००

सगळ्यांचं अभिनंदन. चिंच घालूनही घसा खाजतोच आहे हो, किती शिजवायचा म्हणालात तो अळू?